पोक्सोचा गुन्हा दाखल झालाय: आरोपीच्या घरच्यांनी सुरुवात कुठून करायची

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. पोक्सोच्या केसमध्ये आरोपीचा बाप समोर येऊन बसला की त्याचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "साहेब, पोरीची मर्जी होती." पाठोपाठ मोबाइल पुढे सरकतो. दोघांचे जत्रेतले फोटो, बदामांची रांग असलेले मेसेज, तिच्या अक्षरातली चिठ्ठी. मी फोन पालथा ठेवतो आणि विचारतो, "मुलीची जन्मतारीख काय? आणि ती कुठल्या कागदावर लिहिली आहे?"

या दोन प्रश्नांची उत्तरं दहातल्या आठांकडे नसतात. केस मात्र पुष्कळदा तिथेच ठरते.

हा लेख महाराष्ट्रात ज्यांच्या घरातल्या माणसावर असा गुन्हा दाखल झाला आहे आणि ज्यांनी आजवर कोर्टाची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी आहे. आरोप खरा की खोटा हे मी इथे ठरवत नाही. खऱ्या आरोपातही माणसाला वकील मिळतो, आणि खोट्या आरोपातही मुलीची बदनामी करून सुटता येत नाही. लहान मुलावर झालेल्या अत्याचारातून निसटण्याच्या युक्त्या कुणी शोधत असेल, तर त्या इथे मिळणार नाहीत.

मर्जीचं काय?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे, मुलगा असो वा मुलगी. बालकाची संमती कायद्याच्या लेखी संमतीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तेच आहे: मुलगी १८ पेक्षा लहान असेल तर तिची संमती असो वा नसो, तो बलात्कार. (घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनं भारतीय दंड विधान, म्हणजे भादंवि, लागतं. तिथेही २०१३ पासून वय १८ च आहे.)

आपल्याकडे या वयाचा वाद जुना आहे. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करायचं विधेयक आलं, तेव्हा पुण्यात टिळक विरोधात आणि आगरकर बाजूने उभे होते. पुढे ते चौदा झालं, सोळा झालं, आता अठरा आहे. सोळा ते अठरामधल्या प्रेमप्रकरणांचं काय करायचं, यावर विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये २८३ वा अहवाल दिला. वय कमी करू नका, पण अशा केसमध्ये न्यायाधीशांना शिक्षेबाबत काही मोकळीक द्या, असं त्यात म्हटलंय. ती शिफारस आहे, कायदा नाही. तुमच्या केसला आजचा कायदा लागतो.

आता शिक्षेचे आकडे बघा, कारण प्रकरण किती गंभीर आहे ते घरच्यांना इथे कळतं. शरीरसंबंधाचा आरोप असेल तर पोक्सोच्या कलम ४ खाली किमान दहा वर्षं, मुलगी सोळाखालची असेल तर किमान वीस. (१६ ऑगस्ट २०१९ च्या आधीच्या घटनेला ही किमान शिक्षा सात वर्षं होती.) कलम ६ खाली किमान वीस, जास्तीत जास्त जन्मठेप किंवा फाशी. कलम ६ म्हणजे फक्त शिक्षक, पोलीस, जवळचा नातेवाईक किंवा बारा वर्षांखालचं मूल एवढंच नव्हे. संबंध एकापेक्षा जास्त वेळा आले, किंवा मुलगी गरोदर राहिली, तरी कलम ६ लागतं. म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा वर्षभर एकमेकांना भेटत असले, तर कागदावर ते "गंभीर स्वरूपाचं" प्रकरण होतं. किमान शिक्षेच्या खाली जाण्याची मुभा सत्र न्यायाधीशांना नाही. म्हणून "जज दयाळू आहेत" या गावगप्पांवर विसंबू नका.

शरीराला नुसता स्पर्श केल्याचा आरोप असेल तर कलम ८, तीन ते पाच वर्षं. नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये कातडीला कातडी लागली नाही म्हणून हे कलम लावलं नव्हतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. तरी आजही कुणीतरी त्याचं कात्रण घेऊन येतंच.

पहिले दोन दिवस

यातल्या निम्म्या केस पहिल्या दोन दिवसांत घरचेच बिघडवतात.

मुलीच्या घरी जाऊ नका. माफी मागायला नको, लग्नाची बोलणी करायला नको, गावातल्या चार जाणत्यांना घेऊन तर मुळीच नको. तुम्ही समजूत काढायला गेलात, हे दुसऱ्या दिवशीच्या पुरवणी जबाबात "आरोपीच्या नातेवाइकांनी येऊन दमदाटी केली" असं येतं. जामीन तिथेच अडतो, आणि साक्षीदाराला धमकावल्याचा वेगळा गुन्हा वर. "मी आतून मिटवून देतो" म्हणत येणारा माणूसही लांब ठेवा. पोक्सोचा गुन्हा आपसात मिटवण्याजोगा नाही. त्याच्या हातात गेलेले पैसे गेले.

मुलीचं नाव, फोटो, गाव, शाळा कुठेही लिहू नका. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको आणि "खरं काय ते बघा" म्हणून स्टेटसलाही नको. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास आहे. आरोपीची बहीण चिडून एक स्टेटस टाकते आणि घरातला दुसरा माणूस आरोपी होतो, हे मी पाहिलंय.

फोनमधलं काही पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्याच चॅटमध्ये तुमच्या बाजूच्या तारखा असू शकतात. एका बाबतीत मात्र फार जपा. फोनमध्ये मुलीचे नग्न किंवा खासगी फोटो असतील तर ते कुणालाही पाठवू नका, वकिलाच्या व्हॉट्सॲपवरसुद्धा नाही. असे फोटो बाळगणं आणि पुढे पाठवणं हे पोक्सो आणि आयटी कायद्याखाली वेगळे गुन्हे आहेत. वकिलाला तोंडी सांगा, पुढचं तो ठरवेल.

आणि पळू नका. पुण्याला मावशीकडे, तिथून सुरतेला, हा प्रवास पुढे सरकारी वकील जामिनाच्या सुनावणीत स्टेशनवार वाचून दाखवतात.

वकील

फौजदारी करणारा आणि त्यातही पोक्सो कोर्टात नियमित उभा राहणारा वकील बघा. खरेदीखत करून देणारे ओळखीचे वकील इथे चालत नाहीत. फीचं आधी स्पष्ट बोला: जामिनापुरती की निकालापर्यंत, उच्च न्यायालयाची वेगळी का. पैसे दिल्याची पावती मागायला लाजू नका. "साहेबांना द्यावे लागतात" असं कुणी म्हणालं तर उठा.

पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. आरोपी कोठडीत असेल तर त्याला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालय आहे, तिथले वकील पूर्ण वेळ आरोपींचीच कामं करतात. माहितीसाठी १५१०० हा टोल फ्री क्रमांक आहे. मोफतचा वकील म्हणजे कामचलाऊ, हा समज सोडा. मी यांतल्या काहींचा उलटतपास ऐकून शिकलोय.

वकिलाला सगळं सांगा, घरच्यांसमोर सांगायला जड जाणारंही. आरोपीशी एकट्याने बोलायला मी घरच्यांना बाहेर बसवतो, तेव्हा त्यांना राग येतो. येऊ द्या.

फिर्यादीची प्रत आणि अटकपूर्व जामीन

चोरीमारीची फिर्याद पोलिसांच्या वेबसाइटवर सापडते. लैंगिक गुन्ह्यांच्या फिर्यादी संवेदनशील म्हणून तिथे टाकत नाहीत. वकिलामार्फत पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात अर्ज करून प्रत घ्यायची. प्रत हातात आली की तीन गोष्टींखाली रेघ मारा: लावलेली कलमं, घटनेची तारीख किंवा कालावधी, आणि मुलीचं लिहिलेलं वय.

ते वय आत्ताच का बघायचं? कारण मुलगी सोळाखालची असेल आणि न्याय संहितेचं कलम ६५ लागलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, जामीन आणि खटल्याची पद्धत सांगणारा नवा कायदा) कलम ४८२(४) प्रमाणे अटकपूर्व जामीन मागताच येत नाही. अठराखालच्या मुलीवर सामूहिक बलात्काराच्या आरोपातही तसंच. मुलगी अनुसूचित जाती-जमातीची असून ॲट्रॉसिटीची कलमं लागली असतील, तर तिथेही ती वाट बहुधा बंद असते. मग वकिलासोबत स्वतःहून हजर होणं हा शहाणपणाचा रस्ता.

सोळा ते अठरामधलं प्रकरण असेल तर विशेष न्यायालयात, म्हणजे पोक्सो कोर्टात, अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, आणि सुनावणी होईपर्यंत अंतरिम संरक्षण मागता येतं. मिळालं तर ठाण्यात हजेरीच्या तारखा एकही न चुकवता पाळा. जाताना डायरीत वेळ टिपा.

अटक झाली तर

चोवीस तासांत कोर्टासमोर हजर करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. फार तर रिमांडच्या दोन तास आधीपर्यंत तो कागद द्यायला हवा. म्हणून नातेवाइकांनी ठाण्यात पहिला प्रश्न हा विचारायचा: कारणांचा कागद दिला का, सही कधीची आहे? अटकेची खबर नातेवाइकाला देणं आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं हेही पोलिसांवर बंधनकारक आहे, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही.

वैद्यकीय तपासणीला आणि रक्ताच्या नमुन्याला अडवाअडवी करू नका. कायदा डॉक्टरांना वाजवी बळ वापरायची परवानगी देतो, आणि अडवल्याचा अर्थ कोर्ट तुमच्या विरुद्ध काढू शकतं. मारहाण झाली असेल तर ती डॉक्टरांना सांगायची आणि हजर केल्यावर न्यायाधीशांनाही. न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" घाबरून "नाही" म्हटलेलं नोंदलं जातं.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांचीच, पण नव्या कायद्यात ती सलग असायला हवी असं नाही. सुरुवातीच्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येते. न्यायालयीन कोठडी झाली, आता सुटलो, असं धरून चालू नका.

सरकारी नोकर असेल तर आणखी एक. अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की महाराष्ट्राच्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे तो निलंबित मानला जातो. कार्यालयाला कळवायचं टाळून उपयोग नाही.

वयाचा कागद

इथे थोडं थांबू या.

वय ठरवण्याचा क्रम बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये आहे, आणि पीडितेसाठीही तोच वापरतात. आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड या यादीत नाही.

वय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे. पोलीस बहुतेकदा शाळा सोडल्याचा दाखला किंवा निर्गम उतारा (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल) जोडतात आणि काम झालं समजतात. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलं की शाळेचा बदलीचा दाखला हा कलम ९४ मधला जन्मतारखेचा दाखला नव्हे. त्या आरोपीची पोक्सोतून सुटका झाली. म्हणून मुख्याध्यापक जनरल रजिस्टर घेऊन साक्षीला येतात तेव्हा खरा प्रश्न असतो: ही तारीख लिहिली कुणी, आणि कशावरून?

आता आपल्या गावाकडची गंमत. पहिलीत नाव घालायला आलेल्या आजीला गुरुजी विचारतात, पोरगी कधीची? आजी म्हणते, मोठ्या पावसाच्या साली, पोळ्याच्या आसपास. गुरुजी मागे मोजतात आणि लिहितात: १ जून. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असलेली माणसं उगीच एवढी नाहीत. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलगी यात कागदावर दोन-अडीच महिन्यांनी मोठी होते, जानेवारीतली पाच महिन्यांनी लहान. घटनेच्या दिवशी मुलगी कागदावर सतरा वर्षं नऊ महिन्यांची असेल, तर हे पाच महिने म्हणजे दहा वर्षांची शिक्षा किंवा निर्दोष सुटका.

एका केसमध्ये मी रजिस्टर पाहायला मागितलं. मुलीची तारीख १ जून, निळ्या शाईत. पण त्याच शाळेत तिचा थोरला भाऊही होता. मागची पानं उलटली तर त्याची तारीख त्याच वर्षीची १५ जानेवारी. सख्ख्या भावंडांत साडेचार महिन्यांचं अंतर. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "आमच्या आधीच्या गुरुजींनी लिहिलंय." मुलगी अठराची होती हे त्यातून सिद्ध झालं नाही. पण त्या रजिस्टरवर डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही, एवढं झालं. शंकेचा फायदा असा एकेका पानातून गोळा करावा लागतो.

एक इशारा. हा कागद उलटाही फिरतो. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मुलगी शाळेतल्या तारखेपेक्षा लहान निघाली आणि सोळाच्या खाली गेली, तर तुम्ही दहाचे वीस करून घेतलेत. म्हणून आधी शांतपणे माहिती काढा: जन्म कुठल्या दवाखान्यात, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीची नोंद. मग ठरवा की मुद्दा काढायचा की नाही. आणि माहिती काढायची ती वकिलामार्फत, कोर्टाच्या अर्जाने. शाळेतल्या शिपायाला हाताशी धरून रजिस्टरचे फोटो काढायचे नाहीत.

हाडांच्या तपासणीत मनगट, कोपर, खांदा, कमरेचे एक्स-रे काढतात. अहवाल "१६ ते १८" असा येतो, त्यात दोन वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. अशा वेळी फरकाचा फायदा आरोपीला दिल्याचे निकाल आहेत. २०१८ चा हिमाचल प्रदेशच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांच्या तोंडी असतो.

"मला ती अठराची वाटली" हा बचाव मात्र फार लंगडा आहे. कलम ३० मध्ये दोषी मनःस्थिती नव्हती हे दाखवायची संधी आहे, पण ती आरोपीने संशयापलीकडे सिद्ध करायची असते. त्यावर घर बांधू नका.

जामीन

विशेष न्यायालय, तिथे फेटाळला तर उच्च न्यायालय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबईऐवजी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. एसटीचे आणि लॉजचे पैसे वाचले.

मुलीच्या बाजूला जामिनाच्या सुनावणीची नोटीस द्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे बजावलंय. त्यांना ऐकलं जाणार, याची तयारी ठेवा. नोटीस न देता घाईने मिळवलेला आदेश पुढे टिकत नाही.

दोघांच्या वयातलं अंतर कमी, बळजबरी नाही, मुलगी स्वतःहून गेलेली, मुलावर आधीचा गुन्हा नाही, तो शिकतोय: या गोष्टी शिक्षेच्या वेळी फारशा उपयोगी नसल्या तरी जामिनाला येतात. न्या. मृदुला भाटकर यांनी २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशा प्रेमप्रकरणांत जामीन देताना काय पाहावं, याची चर्चा केली आहे. म्हणजे सुरुवातीला मी पालथा ठेवलेला तो मोबाइल इथे उलगडतो. दोषारोपपत्र आल्यावर आणि मुलीने दंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला जबाब हातात आल्यावर अर्जाला वजन येतं. तो जबाब त्याआधी मिळत नाही.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत (उदाहरणार्थ फक्त कलम ८) ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडपासून मोजायचे, तो दिवस धरून. पण अर्ज दोषारोपपत्राच्या आधी पडायला हवा. सकाळी अकराला अर्ज आणि दुपारी दोनला दोषारोपपत्र आलं, तर हक्क शाबूत. उलट झालं तर गेला.

जामीन झाला की धावपळ जामीनदाराची. सातबारा, तहसीलदारांचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला, रेशन कार्ड, आधार, दोन फोटो. यालाच चार-आठ दिवस जातात, तोवर पोरगा आतच. म्हणून अर्जात तात्पुरती रोख रक्कम भरण्याची परवानगी आधीच मागून ठेवा. अटींमध्ये तालुक्याबाहेर राहा असं असेल तर ती पाळा. गणपतीला एक दिवस घरी आला आणि जामीन रद्द झाला, असं होतं.

दोषारोपपत्र आणि कलम २९

दोषारोपपत्राचा पूर्ण संच मोफत मिळतो. त्यात पंचनामे, वैद्यकीय अहवाल, कॉल रेकॉर्ड, रसायन विश्लेषकांचे अहवाल असतात. आरोपीने तो वकिलाशेजारी बसून ओळ न ओळ वाचावा. तारखा, वेळा, हवामान, कामाची पाळी, हे त्यालाच माहीत असतं. "त्या दिवशी मी कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो" हे वाक्य हजेरीपत्रकासकट आलं तर त्याला किंमत.

कॉल रेकॉर्ड, सीसीटीव्ही, चॅट यांच्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या साक्ष कायद्यातल्या कलम ६५-ब बद्दल हे पक्कं केलं. सरकार पक्षाला लागतं तसं तुम्हालाही. नुसती स्क्रीनशॉटची झेरॉक्स पुरावा होत नाही.

पोक्सोचं कलम २९ लोकांना घाबरवतं: आरोपीने गुन्हा केला असं कोर्ट गृहीत धरतं. वाचायला भयंकर आहे. पण उच्च न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितलंय की आधी सरकार पक्षाने पाया रचायचा, म्हणजे मुलीचं वय आणि घटना यांचा पुरावा आणायचा. मग गृहीतक लागतं. ते खोडायला आरोपीला शंकातीत पुरावा लागत नाही, आपली बाजू अधिक संभवनीय दाखवावी लागते. तरीही "गप्प बसू, सरकार सिद्ध करेल" हे धोरण इथे धोक्याचं. कोर्टात न्यायाधीश आरोपीचा जबाब घेतात तेव्हा त्याने प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" एवढंच म्हणून परत येऊ नये.

मुलीची साक्ष

सुनावणी बंद दाराआड होते. मुलीला आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा दुसरी खोली असते. वकील तिला थेट प्रश्न विचारत नाही, प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते विचारतात. तिच्या चारित्र्यावर किंवा आधीच्या संबंधांवर प्रश्न विचारता येत नाहीत. घरच्यांना वाटतं, आपला वकील मऊ पडला, आवाजच चढवला नाही. पोक्सो कोर्टात आवाज चढवणारा वकील काही कमावत नाही.

कामाचे प्रश्न कोरडे असतात. फिर्याद द्यायला इतका उशीर का, फिर्याद कुणी लिहिली, दोन जबाबांत जागा वेगळी का, घरात कोण कोण होतं, आरोपीच्या बापाशी बांधावरून भांडण होतं का. प्रश्नांची तयारी एकदाच आणि नीट करायची, कारण मुलीला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावता येत नाही. "वकील बदललाय, म्हणून परत बोलवा" हा अर्ज सहसा टिकत नाही. मुलीची एकटीची साक्षसुद्धा, ती विश्वासार्ह वाटली तर, शिक्षेला पुरते. वैद्यकीय अहवालात जखम नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

मुलगी पळून आली होती म्हणून अपहरणाचं कलमही असतं. तिथे मद्रासच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा एस. वरदराजन निकाल अजून चालतो: समज असलेली मुलगी आपणहून घर सोडून आली आणि मुलाने फुस लावली नाही, तर ते "नेणं" होत नाही. अपहरणातून सुटका होऊ शकते, पण पोक्सो त्याने जात नाही. लोकांची इथे गल्लत होते.

लग्न झालंय, मूलही आहे

बीड, जालना, परभणीकडे ही केस वेगळ्या दारातून येते. ऊसतोडीला जायच्या आधी सोळाव्या वर्षी लग्न उरकलेलं असतं. बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात नेल्यावर केसपेपरवर वय लिहिलं जातं आणि डॉक्टर पोलिसांना कळवतात. डॉक्टरांवर राग धरू नका, कळवलं नाही तर कलम २१ खाली त्यांनाच शिक्षा आहे. २०१७ पासून अठराखालच्या बायकोशी संबंध हाही बलात्कारच आहे. नवरा, कधी सासू-सासरे आणि दोन्हीकडचे आईबाप, बालविवाहाच्या कायद्यातही येतात.

मग मुलगी म्हणते, केस नको. गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येतं. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या प्रकरणात सांगितलं की तडजोड झाली म्हणून पोक्सोचा गुन्हा रद्द होत नाही. दुसरीकडे, पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दोष कायम ठेवून शिक्षा दिली नाही, कारण ती मुलगी आता त्याच्यासोबत संसार करत होती आणि खटल्याचाच तिला जास्त त्रास झाला होता. त्यासाठी वापरलेला संविधानाचा अनुच्छेद १४२, म्हणजे पूर्ण न्यायासाठी खास आदेश देण्याचा अधिकार, फक्त सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. मुंबई उच्च न्यायालयात न्या. भारती डांगरे यांनी जुलै २०२३ मध्ये साडेसतरा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात आरोपीला निर्दोष सोडलं. त्यात मुलीची साक्ष आणि प्रकरणाची सगळी हकिकत पाहिली गेली. हे निकाल दाखवून कुणी "शंभर टक्के सुटतो" म्हणाला तर त्याला केस देऊ नका. आणि सुटण्यासाठी म्हणून आत्ता घाईने लग्न तर लावूच नका. मुलगी अजून अठराची नसेल तर तो आणखी एक गुन्हा.

मुलगाच अठराखालचा असेल तर

हे पहिल्याच दिवशी सांगा. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथे जामीन हा नियम आहे. सोळा ते अठरामधला असेल आणि आरोप निर्घृण गटात बसत असेल, तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का याची प्राथमिक चाचणी मंडळ घेतं. तिथे समुपदेशकाशी नीट बोलणं महत्त्वाचं. वयाचा मुद्दा खटल्यात कधीही काढता येतो, अगदी निकालानंतरही. पण तोवर तो मोठ्यांच्या तुरुंगात दिवस काढत असतो. त्याचाही शाळेचा दाखला घेऊन या. १ जूनच असेल बहुतेक.

निकालाच्या दिवशी

निकालाला आरोपीने जोडीला एक बॅग घेऊन यावं, औषधं असतील तर चिठ्ठीसकट. शिक्षा झाली तर तिथूनच ताब्यात घेतात. त्याच दुपारी नकलेचा अर्ज करा. उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस आहेत आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज केलेला असला तरच. अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा अर्जही जातो.

निर्दोष सुटला तरी नकला घ्या. दोन घ्या, दोन्ही प्रमाणित. एक घरात, एक वकिलाकडे. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी होते तेव्हा पोलिसांच्या नोंदीत गुन्हा दिसतो आणि निकाल दिसेलच असं नाही. फॉर्ममध्ये "गुन्हा दाखल होता का" या रकान्यात "हो, निर्दोष" असं लिहून नक्कल जोडायची. लपवलं तर नोकरी जाते ती लपवल्यामुळे. निकालाच्या आनंदात किंवा रागात मुलीचं नाव कुठे लिहायचं नाही. निकालानंतरही तिची ओळख उघड करणं गुन्हाच आहे.